शेवटचा नळ

वापीजवळच्या ज्या कारखान्याच्या जेवणघरात मी भाज्या चिरते, तिथं कामाला लागल्यावर दुसऱ्याच सकाळी मी पिशवीतून काचेची नळी काढली, पिण्याच्या पिंपाच्या तोटीखाली धरली, तिच्यात बाटलीतले थेंब टाकले आणि दारातल्या उजेडात बघत उभी राहिले. मुकादम मागं येऊन म्हणाला, "यह क्या टोना-टोटका है?" मी म्हटलं, "पानी देख रही हूँ." पाण्याला रंग आला नाही. त्या दिवशी मी घरून नेलेलं पाणी प्याले. तीन दिवस असंच झालं, तेव्हा कुठं त्यानं पिंप धुऊन घेतलं आणि पाण्यात औषध टाकायला लावलं. आता तो स्वतःच विचारतो, "आज पीला आया क्या?"

मी सातवीत शाळा सोडली. शाळेनंतर जे काही शिकले ते एका माणसाकडून, आणि त्या माणसाचं पुढं जे झालं त्यात माझा हात आहे. इथं मला ओळखणारं कोणी नाही, म्हणून लिहायला धीर होतो.

ते आमच्या गावचे पाणीवाले होते. नांदुरा तालुक्यातलं आमचं गाव, वडनेर भोलजीहून काळीपिवळी जीपनं अर्धा तास. तोंडावर त्यांना सगळे पाणीवाला म्हणत, पाठीमागं नास्तिक. मी गावची सून आणि ते माझ्या सासऱ्याच्या वयाचे, म्हणून मी त्यांना मामाजी म्हणायची. उंच, वाळलेले, खाकी सदऱ्याच्या खिशात खडू. चालताना वाकून जमिनीकडे बघत, कुठं ओल दिसली की थांबत, चप्पल काढून पायानं माती दाबून बघत. पायाला गार लागलं तर खाली पाइप फुटलेला आहे असं समजायचं. पोरं त्यांच्या मागं तसंच दाबत चालायची आणि खिदळायची. त्यांना त्याचं काही नसे. उलट म्हणत, "दाबा बे, दाबा. मी मेल्यावर कोन दाबन?"

आमचं घर गावाच्या टोकाला. टाकीपासून निघालेल्या लाइनीचा शेवटचा नळ आमच्या अंगणात. त्यामुळे मामाजी रोज सकाळी पाणी सोडून झालं की आमच्याकडे यायचे. नळी धुवायचे, पाणी भरायचे, थेंब टाकायचे. टाकीत जंतू मारायची पावडर पुरेशी पडली असेल तर पाणी पिवळं व्हायचं. "शेवटच्या नळाले पिवळं आलं म्हनजे सगळ्या गावाले आलं," असं ते रोज म्हणायचे, रोज, जणू आदल्या दिवशी म्हटलंच नव्हतं. मग परत टाकीवर जाऊन तिथल्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहायचे: आजची तारीख, पावडर किती, शेवटच्या नळाला रंग आला किंवा नाही. तो फळा गावात कोणी वाचत नसे. एकदा मी विचारलं, "मामाजी, कोणासाठी लिहिता?"

"ज्याले पानी प्यायचं आहे त्याच्यासाठी."

"पण कोणी बघत नाही."

"तो त्याचा हक्क आहे. लिहिनं माह्यावाला."

महिनाभरानं त्यांनी नळी माझ्या हातात दिली. "तू पाह्य. मले डोळ्यानं कमी दिसून राह्यलं." त्यांचे डोळे चांगले होते. मला शिकवायचं होतं आणि सुनेला शिकवतो म्हटलं तर सासूबाईंनी नको म्हटलं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

सासूबाईंचं आणि त्यांचं एक ठरलेलं होतं. घरात काही पूजा झाली की सासूबाई वाटी घेऊन अंगणात यायच्या. मामाजी विचारायचे, "वहिनी, प्रसाद असन तर नको. शिरा असन तर द्या."

"शिराच आहे मेल्या, घे."

मग ते ओट्यावर बसून वाटी चाटूनपुसून संपवायचे आणि स्वतः धुऊन ठेवायचे. सप्ताहाच्या पंगतीला पाणी पुरवायला त्यांच्याइतका हक्काचा माणूस नव्हता. मांडवातल्या प्रत्येक पिंपाला नळी लावून बघायचे. कीर्तन सुरू झालं की सायकल घेऊन घरी. कोणाला कधी म्हणाले नाहीत की हे करू नका. मयतीला सगळ्यांच्या आधी जायचे आणि लाकडं रचायला लागायचे.

बायको काविळीनं गेली म्हणून देवावरून मन उडालं, असं गावात सांगत. मी एकदा भीतभीतच विचारलं. ते हसले. "लोकाईले वाटते काहीतरी घडलं असन. काहीच घडलं नाई, सूनबाई. मले लहानपनापासून कोनी दिसलंच नाई तिथं. बायको मानत होती. तिचे देव घरात तसेच आहेत, मी धूळ पुसतो."

मी मानते. तेव्हाही मानत होते, आजही इथल्या खोलीत कोपऱ्यात देव आहेत. हे सांगून ठेवते, कारण पुढचं त्याशिवाय समजायचं नाही.

एकदा घरोघरची माहिती घेणारा एक पोरगा मोबाइल घेऊन आला. मामाजी आमच्याच अंगणात होते. त्यानं विचारलं, "काका, धर्म?"

"लिहा, नाही."

"नाही असा धर्म नाही ना काका."

"म्हनून तर म्हनतो, नाही लिहा."

"तसं घेत नाही हे. पुढं जातच नाही." त्यानं मोबाइल फिरवून दाखवला.

"मंग तुमच्या मोबाइलले वाटते ते लिहा," मामाजी म्हणाले. "फक्त मले विचारून लिहिलं असं म्हनू नका."

पोरग्यानं बोट दाबलं आणि पुढच्या घरी गेला. मामाजी नळाकडे वळले. त्या दिवशी त्यांनी दोनदा तपासणी केली.

ग्रामपंचायतीत दर सोमवारी बैठकीआधी आरती व्हायची. कार्यालयात भिंतभर तसबिरी, घंटा, समई. ती सगळी नव्या सरपंचानं आणलेली. मामाजी आरती संपेपर्यंत बाहेर बाकावर बसायचे, मांडीवर पावडरीच्या साठ्याची वही. एकदा सरपंच म्हणाला, "आत येत जा ना बे. तुले कोनी बाहेर बसवलं काय?"

"नाई. मीच बसतो."

"मंग?"

"तुह्या घरी दोनशे देव ठेव, मी उंबऱ्यात चप्पल काढीन. हे हापीस आहे. ह्याच्यात मी बी आहे. अन् सोमवारी मी बाहेर असतो."

सरपंच वाईट माणूस नव्हता. त्याला यात भांडण्यासारखं काय आहे तेच कळलं नाही. "अजब खोपडी आहे," असं म्हणून तो आत गेला.

आता मूळ गोष्टीवर येते.

आमच्या भागातलं पाणी खारं. नळाला यायचं ते विहिरीचंच, त्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, अंगाला मिठाचे पांढरे डाग. लांबून गोड्या पाण्याची योजना आली आणि जुन्याच लाइनीला जोडून गावाबाहेर जमिनीवरच नवी बैठी टाकी बांधली, तेव्हा बाया अक्षरशः रडल्या. पहिलं गोडं पाणी आलं त्या दिवशी वरून जलपूजनाचं पत्र आलं होतं. तालुक्याहून साहेब आले, सोबत सात नद्यांच्या पाण्याचा कॅन. टाकीचं झाकण उघडलं. पाच सवाष्णींनी दूध, दही, हळदकुंकू, फुलं आत सोडली, साहेबांनी सात नद्यांचं पाणी ओतलं, नारळ फोडून तेही पाणी आत. फोटो काढले. माझी मोठी जाऊ त्या पाच जणींत होती. वर्षभराचाही नव्हता तिचा मुलगा, तो कडेवर.

सगळे जेवायला गेले तसे मामाजी सरपंचाकडे गेले. "टाकी रिकामी करतो. दोन घंटे द्या."

"सात नद्यांचं पानी नालीत सोडतो काय बे?"

मामाजींनी दुप्पट पावडर टाकली. दुसऱ्या दिवशी शेवटच्या नळाला रंग आला नाही. त्यांनी माझ्यासमोर नळी धरली. "पाह्य. आला का? नाई ना. उकळून घे." मग ते दारोदार तेच सांगत फिरले. लोक हसले. नास्तिकाला देवीचं पाणी बाधतं म्हणाले. मी उकळलं. आमच्या जावेची चूल वेगळी, ती म्हणाली, "पूजेचं पानी कोनी उकळते काय वं?"

तिसऱ्या दिवशी गावात हगवण-उलटी सुरू झाली. माझी दोन वर्षांची मुलगी जावेकडं पाणी प्यायली होती, तिलाही लागली. मामाजी आमच्या ओट्यावर बसून तिला साखर-मिठाचं पाणी चमच्यानं पाजत होते. एक चमचा, मग तोंडात वीसपर्यंत मोजणी, मग दुसरा चमचा. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. ती वाचली. जावेचा मुलगा नांदुऱ्याला नेता नेता गाडीतच गेला. तिच्या मांडीवर. ती उतरलीच नाही गाडीतून, "अजून नांदुरा यायचं आहे" म्हणत बसली.

नाल्याजवळ पाइप फुटलेला होता. मामाजींनी तो आधीच पायानं शोधला होता आणि दोनदा लिहून दिला होता. त्यांनी मला समजावलं तेही त्यांच्या पद्धतीनं. "किडा तिथून रोज येते. रोज पावडर त्याले मारते. त्या दिवशी पावडर दुधालेच खात बसली. किड्यासाठी उरली नाई." अहवालात एवढंच आलं की पाणी दूषित होतं. गावात वेगळंच आलं. ते पाणी नास्तिकाच्या हातानं सुटलं म्हणून कोप झाला, असं. जाऊ त्यावर हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही.

वर्ष झालं. परत पत्र आलं. योजनेचा वाढदिवस, जलपूजन, फोटो पाठवणे. पाइप तसाच.

मी मामाजींना म्हटलं, "तुम्ही असं का नाही सांगत, की टाकीत टाकलेलं देवीले चालत नाही? तुमचं नाही ऐकत, तिचं ऐकतील."

"अन् तिनं मले कधी सांगितलं?"

"कोण विचारते मामाजी?"

"मी विचारतो ना," ते म्हणाले आणि नळी धुवायला लागले.

कार्यक्रमाच्या दिवशी त्या पाच सवाष्णींत मी होते. जावेचं नाव निघालं नाही, तिची जागा सासूबाईंनी मला दिली. हातात दुधाचा तांब्या. मामाजी झाकणावर बसलेले, कुलपाची किल्ली खिशात.

"साहेब, पूजा करा. इथंच करा, झाकनावर करा. आत काही नका टाकू."

साहेब शांतपणे म्हणाले, "हा शासकीय कार्यक्रम आहे. तुमची वैयक्तिक मतं तुम्ही घरी ठेवा."

"मी तेच म्हनतो साहेब. घरी ठेवा."

मागं कोणीतरी हसलं. सरपंच चिडला. "देव मानत नाई, तुले पूजेतलं काय समजते? ऊठ."

"पूजेतलं नाई समजत. पान्यातलं समजते. मागच्या वर्षी..."

"मागच्या वर्षीचं नाव काढू नको. तुह्याच पायगुनानं झालं ते."

तिघांनी त्यांना धरून बाजूला केलं. मारलं नाही, खोटं का बोलू. पण खिशातून किल्ली काढताना सदरा फाटला, खडू खाली पडला आणि कोणाचा तरी पाय त्यावर पडला. त्यांनी मान वर करून एकदाच सगळ्यांकडे बघितलं. झाकण उघडलं. आतलं पाणी मला दिसलं. निळसर, थंड, तळ दिसत होता. माझी मुलगी समोर गर्दीत आजीचं बोट धरून उभी.

पहिला नंबर माझाच होता.

मी काय करतेय हे मला माहीत होतं. अंगात आलेल्या बाया मी लहानपणापासून बघितल्या. केस सोडले, तांब्या हातातून सोडून दिला, दूध मातीत गेलं. डुलायला लागले. घशातून कसला आवाज निघाला तो माझा मला ओळखू आला नाही. म्हटलं, "माह्या अंगावर दूध टाकता? हळद टाकता? मले गुदमरून राह्यलं. मले स्वच्छ ठेवा. आत कोनी काही टाकलं तर घरोघरचं लेकरू नेईन."

हे शेवटचं मी का बोलले? मागं जाऊ किंचाळली. तिच्या किंचाळण्यानंच सगळ्यांना खरं वाटलं.

गाव पायावर पडलं. सरपंच हात जोडून, "चुकलं माय, चुकलं." इतका वेळ बुटात उभे असलेले साहेब, त्यांनीही बूट काढले. मी अर्धवट डोळ्यांनी बघत होते. एकच माणूस उभा होता. फाटक्या सदऱ्यानं पुढं आला, झाकण लावलं, किल्ली ज्याच्या हातात होती त्याच्याकडून घेतली, कुलूप घातलं. आणि माझ्याकडे बघितलं. राग असता तर बरं झालं असतं. मुलीला चमच्यानं पाणी पाजताना ते बघायचे तसं बघितलं, किती उतरलंय, किती राहिलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे आले. पाणी पिवळं आलं. मी डोक्यावरचा पदर ओढून उभी.

"सूनबाई, आज रंग आला."

"हो."

"पुढच्या वर्षी दुसऱ्या कोनाच्या अंगात येईन. ती दूध मांगन. मंग तिले काय सांगशीन? तुही देवी खरी का तिची?"

मी म्हटलं, "अजून किती वर्षं समजावत बसला असता मामाजी? जावेचं लेकरू गेलं. माझी उभी होती तिथं."

त्यांनी नळी धुतली, पुसली. मग म्हणाले, "हाव. ते बी खरं आहे," आणि सायकल घेऊन गेले. यानंतर या विषयावर ते माझ्याशी कधीही बोलले नाहीत.

महिन्याभरात ग्रामसभा भरली. टाकीपाशी देवीचं देऊळ बांधायचं, पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीसाठी आलेला निधी सुशोभीकरणात घालून बांधायचं, असा ठराव. साहेब हजर होते, त्यांनी मान डोलावली. मामाजी उठले. म्हणाले, "ज्याले देऊळ पाह्यजे त्यानं आपल्या जागेवर, आपल्या पैशानं बांधावं, मी विटा उचलायले येतो. हा पैसा पाइपाचा आहे. नाल्याजवळचा पाइप आजही फुटलेला आहे."

सरपंच म्हणाला, "म्हनजे टाकीवर देवी आली हे तुले मान्य नाई. मंग ही बाई खोटं बोलली काय?" त्यानं सरळ माझ्याकडे बोट केलं. "सांग सगळ्यासमोर. ते खोटं होतं असं म्हन, आत्ता ठराव मागं घेतो."

सगळ्या माना मामाजींकडे वळल्या. त्यांना फक्त हो म्हणायचं होतं. पाइप बदलला असता, देऊळ थांबलं असतं, त्यांची इतक्या वर्षांची गोष्ट खरी ठरली असती. आणि माझं? देवीच्या नावानं खोटं बोललेल्या सुनेला त्या घरात, त्या गावात कोणी ठेवलं असतं? मी बायांमध्ये बसले होते, पदराचं टोक तोंडात. एका बाजूला जाऊ, दुसऱ्या बाजूला सासूबाई. मी उठून सांगायला हवं होतं. मी उठले नाही.

मामाजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीवरच्या तसबिरीकडे बघत म्हणाले, "त्या बाईनं जे सांगितलं ते बरोबर सांगितलं. टाकीत काही टाकू नका."

त्यांच्या तोंडून खोटं कधी निघालं नाही आणि तेव्हाही निघालं नाही. पण सभेला जे ऐकायचं होतं ते मिळालं. कोणीतरी टाळी वाजवली. "नास्तिकानंही मान्य केलं!" ठरावाच्या वहीत तसं लिहिलं, गावातील नास्तिक व्यक्तीनेही देवीचा साक्षात्कार मान्य केला. खाली सही मागितली. त्यांनी वही वाचली, मिटली, परत दिली. सही केली नाही. सहीवाचूनच ठराव झाला.

देऊळ दोन महिन्यांत उभं राहिलं. फळ्याची जागा गेली, तिथं घंटा आली. मग मामाजींच्या नावानं लेखी आदेश निघाला: पाणी सोडण्यापूर्वी टाकीवरील मंदिरात रोज दिवाबत्ती करावी. त्यांनी उलट लिहिलं. पाठवण्याआधी मला वाचायला दिलं, चुका काढ म्हणाले. मी सातवी, मी काय काढणार? लिहिलं होतं: 'मी पाणी सोडतो, टाकी धुतो, पावडर टाकतो, शेवटच्या नळाला तपासतो. दिवा ज्याला लावायचा त्याने लावावा, मी अडवणार नाही. मला लावायला सांगू नये.'

आठ दिवसांत त्यांना कमी केलं. सरपंचाच्या नात्यातला एक जण आला. दिवा रोज लावायचा. पंचायतीनं दिलेली नवी नळी त्यानं पहिल्याच आठवड्यात फोडली.

माझ्याकडे दर मंगळवारी बाया नारळ घेऊन यायला लागल्या. मुलगा होईल का, नवरा दारू सोडेल का. सासूबाईंनी ओट्यावर पाट मांडला. मी डोकं दुखतं म्हणायची, तर ते देवीचं येणं ठरायचं. मुलीला साधा ताप आला तरी मला वाटायचं, आता देवी हिला नेते. खोट्याचा हिशोब देवी कोणाकडून घेईल, मला माहीत नव्हतं, अजूनही माहीत नाही. एक दिवस जाऊच आली पाटासमोर. नारळ ठेवला आणि म्हणाली, "माय, माह्या लेकराले तूच नेलं होतं काय? पाप माह्याच हाताचं होतं, मंग मले काऊन नाई नेलं?" मी तिच्याकडे बघू शकले नाही. त्या आठवड्यात मी नवऱ्याच्या पाया पडले, म्हटलं, कुठंही ने. त्याला मी सगळं सांगितलं होतं. त्यानं एकही प्रश्न न विचारता वापीला मित्राला फोन लावला.

निघायच्या दिवशी मामाजी अंगणात आले. हातात पत्र्याची लहान पेटी. आत नळी, थेंबांची बाटली, अर्धा खडू. सासूबाई शिऱ्याची वाटी घेऊन आल्या, तर म्हणाले, "आज नको वहिनी." मला म्हणाले, "जिथं जाशीन तिथं शेवटचा नळ कोनता ते पाह्य आधी."

मी पाया पडायला वाकले. ते मागं सरले. "ते नको. नळी सांभाळ."

माझ्या तोंडात होतं की चुकलं माझं. निघालं नाही. त्यांच्या तोंडात काय होतं कोण जाणे. गावातल्या एकानं त्यांना पुढं चिखलीच्या बाजारात बघितलं म्हणे. पिण्याच्या टाकीपाशी उभे राहून चौकीदाराला विचारत होते, ही शेवटची कधी धुतली. चौकीदार म्हणाला, तुम्हाला काय करायचं? ते म्हणाले, प्यायचं आहे.

परवा जावेचा फोन आला. योजनेचा वाढदिवस होता. आवाजात उत्साह होता, फार दिवसांनी. तिला पुन्हा दिवस गेलेत, सातवा चालू आहे.

"यंदा देवी सरपंचाच्या भावजयीच्या अंगात आली," ती म्हणाली. "रागावली होती. दोन वर्षांपासून मले कोरडी ठेवली म्हने. दूध मांगितलं, दही मांगितलं. सगळ्या गावानं वाह्यलं, झाकन उघडून. साहेबानं बी वाह्यलं."

"ताई, पाणी उकळून पी."

"काऊन?"

"मी सांगते म्हणून. नाल्याजवळचा पाइप फुटलेला आहे. आठ दिवस तरी उकळून पी, पोटातल्यासाठी पी."

 ती हळूच, समजूत घातल्यासारखी बोलली. "असं नको बोलू वं. दूर गेली म्हनून विसरली काय? तूच तर आनली देवीले टाकीवर."

मी सांगितलं तिला. पहिल्यांदाच, नवऱ्याशिवाय कोणालाही पहिल्यांदाच. ती देवी नव्हती, मीच बोलत होते, दूध आत जाऊ नये म्हणून, तुझ्या लेकरासारखं दुसरं जाऊ नये म्हणून.

पलीकडं हंडा खाली टेकल्याचा आवाज झाला. 

"मले माहीत आहे," ती म्हणाली, "ती असं बोलवते. आपली परीक्षा घेते. पानीवाल्यानं बी भर सभेत मान्य केलं होतं ना, बरोबर सांगितलं म्हनून? त्याच्यासारखा मानूस खोटं बोलत नाई."

मागं तोटीखाली हंडा भरत असल्याचा आवाज येत होता. आमच्याच अंगणातला नळ तो. "थांब, भरला," असं म्हणून तिनं फोन ठेवला.